अर्ध्या दाराचं घर

१

निशिकांतरावांचा सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमधला दिवस कसा जातो, हे त्यांची मुलगी अनुया ऑफिसात बसूनही मिनिटागणिक सांगू शकली असती. सातला उठून अर्धा कप चहा. नवाला लिफ्टनं खाली, इमारतीच्या तळाशी व्हॉइड डेकमध्ये दगडी बाकावर. शेजारच्या टेबलावर चिनी आजोबा सोंगट्या आपटत खेळायचे, पण यांची नजर तिकडे वळायची नाही. साडेदहाला वर. दुपारी एक पोळी, तीही अनुयाचा फोन आला म्हणून. मग संध्याकाळपर्यंत खिडकीशी.

पुण्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये छत्तीस वर्षं काढलेला हा माणूस. खरखरणाऱ्या लाइनीला नुसता कान लावून बिघाड कुठे आहे ते सांगायचा. घरात मात्र बोलायचं काम सुचित्राबाईंचं आणि ऐकायचं यांचं. सुचित्राबाई गेल्या त्याला दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून ऐकण्यासारखं काही उरलंच नाही, अशा चेहऱ्यानं ते वावरत. मुलीकडे येऊन त्यांना सहा आठवडे झाले होते आणि त्या सहा आठवड्यांत ते एकदाही हसले नव्हते.

२०१४चा जून होता. नऊ वर्षांच्या जाईला शाळेची सुट्टी लागली होती. प्रबोधच्या, म्हणजे अनुयाच्या नवऱ्याच्या प्रोजेक्टची घाई चालली होती, पण त्यालाच कल्पना सुचली.

"तुम्ही तिघं मलाक्क्याला जाऊन या," तो म्हणाला. "सकाळच्या कोचनं निघालात तर दुपारी पोचाल. जुनं गाव आहे. बाबांना जरा वेगळं काहीतरी बघायला मिळेल."

"मी कशाला?" निशिकांतराव खिडकीशीच बसून म्हणाले.

जाई त्यांच्या खुर्चीच्या दांडीवर जाऊन बसली. "आजोबा, कम लह. तिथे सायकलरिक्षाला स्पीकर असतात. खूप लाउड. यू विल लाइक."

का कोण जाणे, ते हो म्हणाले.

२

मलेशियातलं मलाक्का राज्य लहान आणि त्याची राजधानीही लहानच. गावाच्या मधून संथ नदी, तिच्या काठाला पाठ लावून उभी असलेली जुनी घरं. अनुयानं ज्या घरात खोली घेतली होती ते रस्त्याकडून जेमतेम दोन खिडक्यांएवढं रुंद होतं, पण आत शिरलं की संपतच नसे. आधी बैठकीची खोली, तिथे संगमरवरी गोल टेबल. मग कोरीव लाकडी पडदा. त्यामागे उघड्या आभाळाखालचा चौक, मग जेवणघर, मग आणखी एक चौक. जाई टोकापर्यंत पळत गेली आणि तिची हाक परत यायला इतका वेळ लागला की बापलेक एकमेकांकडे बघू लागले.

घराची मालकीण गेक निओ नावाची सत्तरीची बाई. अंगात जाळीदार कबाया, खाली फुलांचा सारोंग, केसांचा घट्ट बुचडा. पूर्वज चिनी, बोली मलय, आणि पाहुण्यांशी बोलायला इंग्रजी, असं तिनं स्वतःच हसत सांगितलं. पुढच्या दाराला कमरेएवढी दोन अर्धी झडपं होती. दिवसभर मोठं दार उघडं आणि ही झडपं लोटलेली. आत येणाऱ्यानं ढकलली की ती करकरत उघडत आणि आपणहून मिटत.

वरच्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीत तिनं त्यांचं सामान ठेवलं. मग गुडघे टेकून खाली बसली आणि लाकडी जमिनीतला एक चौकोनी ठोकळा दोरीनं वर उचलला. खाली तळहाताएवढं भोक.

"जुन्या काळी पाहुणे आले की घरातल्या पोरींनी खाली यायचं नाही," ती म्हणाली. "मग इथून बघायच्या. कोण आलं, नवरामुलगा कसा आहे. खालच्याला कळायचं नाही."

निशिकांतराव वाकले. मग गुडघ्यांची पर्वा न करता चक्क पालथे झोपले आणि भोकाला डोळा लावला. खालची बैठकीची खोली, टेबल आणि दारापर्यंतची फरशी एवढं सगळं त्या भोकातून दिसत होतं.

"काय डोकं चालवलंय," ते म्हणाले. "अनू, खाली जा बघू. दारातून आत ये."

अनुया खाली गेली, बाहेर गेली, झडपं ढकलून आत आली. वरून बाबांच्या हसण्याचा आवाज आला. ती तिथेच टेबलाला हात लावून उभी राहिली. ते हसणं ती जवळजवळ विसरली होती.

३

दुपार कशी गेली ते कळलंच नाही. लालभडक चर्चसमोरच्या चौकात कागदी फुलांनी मढवलेल्या सायकलरिक्षा उभ्या होत्या. त्यांच्या रिक्षावाल्यानं यांचे चेहरे बघून हिंदी गाणं लावलं ते असं की रस्त्याच्या पलीकडचे लोकही वळून बघायला लागले. जाईला हसू आवरेना. निशिकांतराव मांडीवर ताल धरून बसले होते.

एका गल्लीत चिनी देऊळ होतं, उदबत्त्यांच्या धुरानं भरलेलं. थोडं पुढे जुनी मशीद, तिचा मिनार पाहून जाई म्हणाली, हा तर पॅगोडा आहे. आणि त्यापुढे गणपतीचं देऊळ. गणपती दिसल्यावर निशिकांतरावांनी चपला काढल्या. ते एरवी देवाधर्माच्या फारसे वाटेला न जाणारे. पत्रिका म्हटलं की चिडायचे, भुताखेतांच्या गोष्टींवर "वायरिंगमधला दोष" एवढंच म्हणायचे. पण आज हात जोडून बराच वेळ उभे राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, "इतक्या लांब येऊन बसलाय बिचारा. आणि मजेत आहे."

परत आल्यावर गेक निओनं ताटलीत हिरव्या गोळ्या पुढे केल्या. तांदळाच्या पिठाच्या, वरून ओलं खोबरं. एक तोंडात टाकली की आतला ताडगूळ पचकन फुटायचा.

"उकडीच्या मोदकाचं पिल्लू," निशिकांतराव म्हणाले आणि एकामागून एक सात खाल्ले. अनुयानं मोजले. तेवढ्यात तिनं प्रबोधला मेसेज केला, बाबा खाताहेत.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्यांनी असहकार पुकारला. "तुम्ही दोघी फिरून या," निशिकांतराव म्हणाले. "मी वर पडतो. भोकातून रहदारी बघतो."

जाईला मण्यांच्या चपला हव्या होत्या. बाजारात हातानं एकेक मणी ओवून केलेल्या त्या चपला बघण्यात दोघींचे दोन तास गेले. अकराच्या सुमारास त्या परतल्या. जाईनं झडपं ढकलली, करकर झाली, दोघी आत आल्या, झडपं मिटली. गोल टेबलापाशी अनुया पिशव्या खाली ठेवत होती तेव्हा मागे पुन्हा एकदा करकर झाली. तिनं वळून बघितलं. झडपं नुकतीच मिटत होती. बाहेर रस्त्यावर ऊन होतं आणि कुणी नव्हतं.

निशिकांतराव कठड्याला धरून जिना उतरत आले. चेहरा उजळलेला.

"ती कुठे गेली?" त्यांनी विचारलं.

"कोण बाबा?"

"तुमच्या मागून आली ती. उंबऱ्याशी थांबली होती."

"आंटी असतील."

पण गेक निओ मागच्या चौकातून ओल्या हातांनी येत होती. सकाळपासून ती स्वयंपाकघरातच होती. अनुयानं झडपांबद्दल विचारलं तेव्हा तिनं खांदे उडवले. "दुपारी दार हलतं," ती म्हणाली आणि पुन्हा आत गेली.

अजून दुपार झाली नव्हती, हे अनुयाला नंतर सुचलं.

तिनं स्वतः झडपं ढकलून पाहिली. एकदा, दोनदा, चारदा. दर वेळी ती एकदाच करकरली आणि मिटून गप्प झाली. वाऱ्याची झुळूक नव्हती. स्प्रिंग ढिली असेल, ती मनाशी म्हणाली. बाबांची वरून बघताना फसगत झाली असेल. सत्तरी उलटली आहे, डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं आहे. कारणं भराभर सुचत गेली आणि सगळी पटण्यासारखी होती.

५

जेवताना निशिकांतरावांनी भात दोनदा मागून घेतला. एक्स्चेंजमधल्या गमती सांगितल्या. एका उंदरानं पुण्याच्या निम्म्या पेठेचे फोन कसे बंद पाडले ते सांगताना गेक निओसुद्धा टेबलावर हात आपटून हसली. मग तोंड पुसता पुसता ते सहज म्हणाले, "अनू, जाईला घेऊन जरा बाहेर जाऊन या ना."

"आत्ता? उन्हात?"

"कोपऱ्यापर्यंत. आणि लगेच परत या."

जाईला तो खेळच वाटला. ती आईचा हात ओढत निघाली. दोघी कोपऱ्यावरून वळून आल्या. झडपं करकरली, मिटली. अनुया मुद्दाम हळू चालली आणि मनात आकडे मोजत राहिली. चारवर पुन्हा करकर झाली. या वेळी तिनं वळून पाहिलं नाही.

वरून बाबांचा आवाज आला, मऊ, लहान मुलाशी बोलावा तसा. "आता टेबलापर्यंत आली."

अनुया दोन दोन पायऱ्या चढत वर गेली. ते जमिनीवरून उठत होते, शर्टाला धूळ लागली होती.

"बाबा, कोण आली?"

"तुला काय वाटतं?" ते म्हणाले. डोळे ओले होते, पण चेहऱ्यावर दुःख नव्हतं. लग्नघरातल्या माणसासारखे दिसत होते ते. "वरून फक्त डोकं दिसतं गं. भांग. चाळीस वर्षं तो भांग मी बघितलाय. ती जमिनीवर बसून पेपर वाचायची आणि मी वर खुर्चीत."

"आणि चेहरा?"

"चेहरा अजून वर केलेला नाही."

अनुया खाटेवर बसली. जाई दारात उभी राहून दोघांकडे बघत होती.

"जाई," तिनं शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "आपल्या मागून कुणी आलं का गं?"

"आय डोन्ट नो," जाई म्हणाली. "पण मी डोअर धरलं होतं. मागे कुणी असलं की धरायचं, टीचर म्हणाल्या."

"मागे होतं कुणी?"

जाईनं विचार केला. "मी पाहिलं नाही. धरावंसं वाटलं."

६

डॉक्टरांना दाखवायला हवं, हा विचार अनुयाच्या मनात सरळ उभा होता. दुःखात माणसांना असं दिसतं, तिनं वाचलं होतं. पण तिलाही करकर ऐकू आली होती. आणि दुसरं एक होतं, जे तिनं प्रबोधलाही कधी नीट सांगितलं नव्हतं. आई सिंगापूरला यायची म्हणत होती. एका वर्षी अनुया म्हणाली, जाई लहान आहे, पुढच्या वर्षी ये. पुढच्या वर्षी म्हणाली, ऑफिसात ऑडिट आहे, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर आई हॉस्पिटलात होती आणि अनुया विमानतळावरून थेट स्मशानात गेली होती. लेकीचं घर आईनं पाहिलंच नाही.

म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी, निघायला दोन तास उरले असताना, बाबा म्हणाले, "आज मी जाईबरोबर बाहेरून येतो. तू बघ," तेव्हा ती नको म्हणू शकली नाही.

दोघं जिना उतरून गेले. अनुयानं दोरी धरून ठोकळा उचलला आणि पालथी झोपली. लाकडाला मेणाचा आणि जुन्या कपाटाचा वास होता. खालची फरशी चकचकीत, टेबलावर कुणीतरी ठेवलेली जास्वंदीची फुलं. मागच्या चौकात नळ ठिबकत होता. रस्त्यावरून सायकलरिक्षा गाणं वाजवत गेली आणि ते गाणं लांबत लांबत विरलं.

झडपं करकरली.

आधी जाईच्या दोन वेण्या आल्या. मग बाबांचं टक्कल, त्यावर उन्हाचा ठिपका. जाई काहीतरी सांगत होती आणि ते हसत होते. दोघं टेबलाला वळसा घालून पडद्यामागे गेले. झडपं मिटली. खोली रिकामी झाली.

अनुयानं श्वास रोखला. एक, दोन, तीन, चार.

करकर.

भांग तिला आधी दिसला. सरळ, मधोमध, पांढरा. दोन्ही बाजूंना चापून बसवलेले केस. खांद्यांवर फिकट काहीतरी होतं, साडी असेल किंवा नुसता उजेड असेल. ते डोकं उंबऱ्यापासून टेबलापर्यंत आलं, पावलांचा आवाज नव्हता. टेबलाशी थांबलं. मग टेबलाला वळसा घालून बरोबर भोकाच्या खाली येऊन उभं राहिलं.

अनुयाच्या घशाशी 'आई' शब्द आला होता. त्या क्षणी तिला भीती वाटली नाही, हे ती नंतर स्वतःशी कबूल करायची. इतका आनंद झाला होता की हात खाली घालून त्या केसांना लावावासा वाटला.

मग तिच्या लक्षात आलं, की केस सगळे पांढरे होते. आई शेवटपर्यंत मेंदी लावायची. आणि भांग कपाळाशी सुरू होऊन डोक्यावरून मागे जात होता, मागे जात होता, जिथे बुचडा सुरू व्हायला हवा तिथेही थांबत नव्हता, मानेवरून तसाच खाली गेला होता.

कदाचित कोन तसा असेल. कदाचित दीड वर्षात केस पांढरे होतात, मेंदी लावायला कुणी नसलं तर. तिचं मन तशातही कारणं जुळवत होतं.

खालचं डोकं हललं. हळूहळू, कुणी हाक मारल्यावर मान वर करावी तसं, कपाळ वर येऊ लागलं.

अनुयानं ठोकळा भोकात बसवला आणि त्यावर दोन्ही हात दाबून धरले.

खालून काहीच आवाज आला नाही. ती किती वेळ तशी होती कुणास ठाऊक. खांद्यावर बाबांचा हात पडला तेव्हा तिला रडू फुटलं.

"दिसली?" त्यांनी विचारलं.

ती मान हलवून हो म्हणाली.

"चेहरा?"

"नाही बाबा. मी झाकण लावलं."

मग त्यांनी खिशातला रुमाल काढून तिच्या हातात दिला. "बरं केलंस," ते म्हणाले. "मीही लावलं होतं. दोन्ही वेळा."

७

परतीच्या कोचमध्ये निशिकांतराव एका जागी बसले नाहीत. ताडाची झाडं किती किलोमीटर चालली आहेत हे त्यांनी जाईला गुणाकार करून सांगितलं. सिंगापूरच्या हद्दीवर, तुआसच्या नाक्यावर, सामान घेऊन उतरावं लागलं, रांगेत उभं राहावं लागलं, तरी त्यांनी गुडघ्यांचं नाव काढलं नाही. गेक निओनं डब्यात भरून दिलेल्या हिरव्या गोळ्या त्यांनी पुढच्या सीटवरच्या मलय जोडप्यालाही दिल्या. "माझ्या बायकोला हे फार आवडलं असतं," असं ते आपल्या मोडक्या इंग्रजीत त्यांना म्हणाले. अठरा महिन्यांत अनोळखी माणसाशी ते पहिल्यांदाच तिच्याबद्दल बोलले होते.

अनुया खिडकीतून बाहेर बघत होती. निघताना तिनं एक काळजी घेतली होती. आधी बाबांना, मग जाईला बाहेर काढलं, आणि स्वतः सगळ्यात शेवटी झडपं ओढून रस्त्यावर उभी राहून मोजलं होतं. दहापर्यंत. काही करकरलं नव्हतं. ते सगळं त्या घरातच राहिलं, असं तिनं ठरवून टाकलं. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण बाबा मागच्या सीटवर हसत होते आणि उद्यापासून ते पुन्हा खिडकीशी बसतील, हा विचार भोकातून दिसलेल्या त्या डोक्याच्या आठवणीहून जास्त बोचत होता.

पाचच्या सुमाराला ते क्वीन्सटाउनला पोचले. व्हॉइड डेकमध्ये सोंगट्यांचा डाव चालू होता. निशिकांतराव आपणहून तिकडे गेले, डाव बघितला आणि एका आजोबांना बोटानं चाल दाखवली. ते आजोबा आधी चिडले, मग ती चाल खेळले आणि खदखदून हसले. "उद्या सकाळी येतो," निशिकांतरावांनी त्यांना मराठीतच सांगितलं.

लिफ्टमध्ये जाई शिरली, अनुया शिरली. निशिकांतराव शिरले आणि दार उघडं ठेवायच्या बटणावर बोट दाबून उभे राहिले.

"बाबा, झालं ना?" अनुयानं विचारलं.

"हो, झालं," ते म्हणाले, आणि आणखी क्षणभरानं बोट काढलं.

नवव्या मजल्यावर प्रबोधनं आधी लाकडी दार आणि मग जाळीचं लोखंडी दार उघडलं. घरात आमटीचा वास होता, त्याला येत होता तेवढा स्वयंपाक त्यानं करून ठेवला होता. जाई त्याच्या कमरेला बिलगली. निशिकांतराव आत शिरताच म्हणाले, "प्रबोध, भूक लागली आहे. पोळ्या आहेत का रे?" प्रबोधनं अनुयाकडे असं बघितलं की तिला हसू आलं.

तिनं पिशव्या आत ठेवल्या. प्रबोध दाराच्या कडीला हात लावून उभा होता.

"लावू ना? एसी चालू आहे."

अनुया पाठमोरी होती. समोर तिचं घर होतं. सोफा, जाईची चित्रं, खिडकीशी बाबांची खुर्ची, त्यापलीकडे संध्याकाळचं सोनेरी आभाळ. आई फोनवर विचारायची ते सगळं. आतून बाबा गुणगुणत होते, हात धुण्याचा आवाज येत होता. जे बरोबर आलं असेल त्याचा चेहरा कसा आहे, हे तिला माहीत नव्हतं. बाबांनाही नव्हतं. मागं वळलं तर कळलं असतं.

"थांब जरा," ती म्हणाली.

"कुणी यायचं आहे का?"

कॉरिडॉरमधून गार वाऱ्याचा एक झोत आला. तिच्या मागे प्रबोधनं, वडीलधारं माणूस आलं की करतो तसं, अंग चोरून भिंतीकडे सरकून वाट दिली. आपण असं का केलं हे त्याचं त्यालाच कळलं नसावं, कारण तो "अरे," एवढंच म्हणाला.

अनुयानं आणखी थोडा वेळ जाऊ दिला.

"लाव आता," ती म्हणाली.